‘बारीक झालीस!’ : नांद्रोंगाच्या मुलींचं प्रकरण

सुट्टीत घरी आलेल्या कुठल्याही नातीला माझी आजी दारातच न्याहाळायची आणि म्हणायची, “किती वाळलीस गं!” त्यात काळजी असायची, आणि आमच्या आईला हळूच दिलेला टोलाही असायचा, की पोरीला नीट खायला घालत नाहीस. आता लग्नात भेटणारी मावशी माझ्या भाचीला म्हणते, “अय्या, किती बारीक झालीस! काय करतेस गं?” भाची खुलते. शेजारी उभी असलेली तिची चुलतबहीण, जिला असं कुणी म्हणालेलं नाही, ताटातला जिलेबीचा तुकडा परत ठेवते.

वाक्य जवळजवळ तेच आहे, अर्थ मात्र पार फिरला. आपल्याकडे हे इतकं सावकाश झालं की कधी झालं ते कुणाला सांगता येत नाही. फिजी बेटांवरच्या एका भागात तोच बदल तीन वर्षांत घडला, आणि सुदैवानं तेव्हा एक संशोधक तिथे प्रश्नावल्या घेऊन हजर होती. मी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. मुलींच्या रिकाम्या राहिलेल्या नव्हे, तर भरलेल्याच परत जाणाऱ्या डब्यांनी मला गेली काही वर्षं अस्वस्थ केलंय. त्या अस्वस्थतेतून वाचलेलं हे प्रकरण नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

गाव, जेवण आणि अंग

फिजीचं सगळ्यात मोठं बेट म्हणजे विती लेवू. त्याच्या नैर्ऋत्येला नांद्रोंगा प्रांत आहे, आणि सिंगातोका नदीच्या मुखाशी सिंगातोका नावाचं बाजाराचं गाव. किनाऱ्याला कोरल कोस्ट म्हणतात आणि तिथे पर्यटकांची हॉटेलं आहेत. आत गेलं की शेती, मासेमारी आणि एकमेकांना धरून राहणारी खेडी. आपल्या वाचकाला फिजी म्हटलं की गिरमिटिये आठवतात, १८७९ ते १९१६ या काळात उसाच्या मळ्यांवर नेलेले भारतीय मजूर. पण ही गोष्ट त्यांच्या नातवंडांची नाही. अभ्यास झाला तो तिथल्या मूळच्या फिजियन मुलींचा.

अ‍ॅन बेकर या हार्वर्डच्या मानववंशशास्त्रज्ञ, आणि मनोविकारतज्ज्ञही. १९८०च्या दशकापासून त्या या भागात येऊन राहत होत्या. त्यांनी जे पाहिलं ते आपल्या जुन्या पिढीला लगेच कळेल. घरात जेवणं चालू असली आणि रस्त्यानं कुणी जात असलं, की आतून हाक येते, “माई काना!” म्हणजे ये, जेव. ओळख असो-नसो, हाक मारायचीच. भरलेलं, दणकट अंग तिथे चांगलं मानलं जाई, कारण ते कामाला येतं आणि या माणसाची कुणीतरी काळजी घेतंय हे त्यावरून दिसतं. एखादी मुलगी रोडावली तर प्रश्न तिच्या इच्छाशक्तीला विचारला जात नसे. घरच्यांकडे बघितलं जाई. भूक मंदावणं हा तर तिथे आजारच होता. त्याला ‘माथाके’ म्हणत आणि त्यावर झाडपाल्याचं औषध देत.

बेकर यांचं यातलं निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्या म्हणतात की या समाजात शरीर हे ज्याचं त्यानं घडवायचं खासगी काम नव्हतं. ते घराच्या आणि गावाच्या देखभालीचा पुरावा होतं. फिजियन बायका दुसऱ्याच्या अंगाबद्दल सतत बोलत, बारीकसारीक फरक टिपत, अमकं सुंदर तमकं नाही असंही म्हणत. पण ते वाटून आपलं अंग तसं करायला निघावं हे कुणाच्या मनात येत नसे.

हा स्वर्ग होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. सगळं गाव तुमच्या अंगाकडे बघतंय हे ओझं आपल्याकडच्या मुलींना पुरेपूर माहीत आहे. स्थूलपणामुळे येणारे मधुमेहासारखे आजार पॅसिफिक बेटांवर खरोखर मोठे आहेत. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शरीराची लाज वाटावी यासाठी जी रचना लागते, ती तिथे नव्हती. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत फिजीत अ‍ॅनोरेक्सियाची, म्हणजे उपाशी राहून शरीर झिजवण्याच्या आजाराची, नोंद झालेली केस एकच होती.

दोन वेळा विचारलेले तेच प्रश्न

१९९५ मध्ये या भागात दूरचित्रवाणी पोहोचली. वाहिनी एकच, आणि तिच्यावरच्या बऱ्याच मालिका परदेशी. प्रसारण सुरू होऊन काही आठवडेच झाले असताना बेकर यांनी दोन माध्यमिक शाळांतल्या ६३ मुलींना एक प्रश्नावली दिली. मुलींचं वय सरासरी सतराच्या आसपास. प्रश्नावली जगभर वापरली जाणारी, २६ प्रश्नांची: खाण्याबद्दल मनात काय चालतं, खाल्ल्यावर अपराधी वाटतं का, वजनाची भीती वाटते का, असे प्रश्न. २०च्या वर गुण आले तर काळजीचं लक्षण समजतात. तेव्हा ६३ पैकी ८ मुली त्या रेषेच्या वर होत्या, म्हणजे १२.७ टक्के. वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलटी काढते असं एकीनंही सांगितलं नाही.

तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच शाळांत, त्याच वयाच्या ६५ मुलींना तेच प्रश्न विचारले. आता १९ जणी रेषेच्या वर होत्या, २९.२ टक्के. मुद्दाम उलटी काढणाऱ्यांचं प्रमाण शून्यावरून ११.३ टक्क्यांवर गेलं होतं. आपण फार जाड आहोत असं निदान कधीतरी वाटतं, असं ७४ टक्के मुलींनी सांगितलं. ६९ टक्के मुलींनी वजन कमी करण्यासाठी खाणं कमी करून पाहिलं होतं. ज्या मुलींच्या घरी टीव्ही होता, त्यांचे गुण धोक्याच्या रेषेपलीकडे असण्याची शक्यता बाकीच्यांच्या तिपटीहून जास्त निघाली.

‘डाएट’ ही कल्पनाच जिथे नव्हती, तिथे तीन मुलींमागे दोघींनी डाएट करून पाहिलं होतं. हे आकडे १९९९च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात मांडले गेले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. सविस्तर शोधनिबंध २००२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात आला. बातम्यांचा सूर एकच होता: टीव्हीनं फिजीच्या मुली बिघडवल्या.

गोष्ट सोपी आहे, आणि पालकसभेत सांगायला फार सोयीची. मीही ती काही वर्षं तशीच सांगितली. मग मूळ निबंध वाचला आणि बेकर यांनी मुलींशी केलेल्या मोकळ्या मुलाखतींबद्दल वाचलं. तेव्हापासून मी ती तशी सांगत नाही.

आधी अभ्यासाच्या मर्यादा सांगते. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या. एकाच मुलीत झालेला बदल त्यातून कळत नाही. संख्या लहान आहे. प्रश्नावली पाश्चात्त्य देशांत बेतलेली, आणि गुण जास्त आले म्हणजे आजार झाला असं होत नाही. त्याच तीन वर्षांत तिथे दुसरंही बरंच बदलत होतं: हातात रोख पैसा येत होता, मुली शाळा संपल्यावर पगाराच्या नोकरीचा विचार करू लागल्या होत्या, गावं शहरांना जोडली जात होती. टीव्ही त्या सगळ्याबरोबर आला. त्यामुळे “टीव्ही आला आणि म्हणून हे झालं” असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि बेकर यांनीही तसं म्हटलेलं नाही. पण शून्यावरून ११ टक्क्यांवर गेलेली ती उलटीची नोंद कुठल्याही सबबीनं पुसली जात नाही.

मुली स्वतः काय म्हणाल्या

१९९८ मध्ये ३० मुलींशी सविस्तर बोलणं झालं. त्यातल्या २३ जणींनी, म्हणजे ७७ टक्के मुलींनी, टीव्हीमुळे आपल्या शरीराकडे बघण्याची नजर बदलली असं सांगितलं. हे अपेक्षितच होतं. मी थबकले ती पुढच्या भागावर. बारीक व्हायचंय, पण कशासाठी? सुंदर दिसण्यासाठी, मुलांना आवडण्यासाठी, असं उत्तर आपण गृहीत धरून चालतो. १२ मुलींनी, म्हणजे ४० टक्के जणींनी, दिलेलं कारण वेगळं होतं. बारीक झालं की नोकरी मिळेल. बारीक झालं की घरी जास्त काम करता येईल, आईच्या उपयोगी पडता येईल.

हे वाचलं त्या दिवशी मी वर्गातल्या मुली डोळ्यांसमोर आणत होते.

पडद्यावर त्यांना काय दिसत होतं? स्वतःच्या पगारावर राहणाऱ्या, भराभर चालणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या, कुणाचं न ऐकणाऱ्या बायका. त्या सगळ्याच्या सगळ्या सडपातळ. नांद्रोंगातल्या सतरा वर्षांच्या मुलीनं तोवर असं आयुष्य जगणारी बाई आसपास पाहिलीच नव्हती. तिची आई शेतात आणि घरात राबत होती. हॉटेलात किंवा ऑफिसात काम मिळवायला काय लागतं हे आईला माहीत नव्हतं, शिक्षकांनाही फारसं नव्हतं. मग मुलीनं जे समोर दिसलं त्यातून हिशोब मांडला: या बायकांकडे नोकरी आहे आणि या बारीक आहेत, तेव्हा बारीक असणं ही नोकरीची पहिली अट असणार. तिच्याजवळ जेवढी माहिती होती तेवढ्यात हा तर्क बरोबरच होता. पदवी मिळवणं तिच्या हातात नव्हतं, इंग्रजी सुधारणं अवघड होतं, शहरात ओळख नव्हती. ताटातला भात कमी करणं मात्र आजच्या आज जमत होतं.

म्हणून “आजकालच्या मुलींना दिसण्याचं वेड लागलंय” हे वाक्य मला आता सहन होत नाही. या मुली छचोर नव्हत्या. त्या महत्त्वाकांक्षी होत्या. त्यांची महत्त्वाकांक्षा ठेवायला कुणी दुसरी जागा दिली नव्हती, म्हणून ती शरीरावर येऊन बसली.

घरातही ताण आला. आई म्हणे अजून घे, मुलगी म्हणे पुरे. तिथल्या आईसाठी मुलीला वाढणं ही प्रेमाची भाषा होती. मुलगी नको म्हणाली की आईला आपण नाकारले गेलो असं वाटे. मुलीच्या कानांवर मात्र तेच वाढणं “तू आहेस तिथेच राहा” असं पडे. मराठी घरात आग्रहाची पोळी ताटात पडते तेव्हा मी हे दोन्ही एकाच वेळी घडताना पाहिलंय. आई दुखावते, मुलगी चिडते, आणि पोळी कुत्र्याला जाते.

मैत्रिणीच्या घरचा टीव्ही

प्रकरण इथे संपत नाही. २००७ मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी याच देशात ५२३ शाळकरी मुलींचा मोठा अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढून मोजल्या: मुलगी स्वतः किती टीव्ही आणि व्हिडिओ बघते, आणि तिच्या मैत्रिणी किती बघतात. खाण्याच्या विकारांच्या लक्षणांशी ठळक संबंध निघाला तो दुसऱ्या गोष्टीचा. ज्यांच्या मैत्रिणींपर्यंत ही माध्यमं जास्त पोहोचली होती, त्या मुलींत लक्षणं जास्त असण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेली होती. स्वतःच्या घरी टीव्ही नसला तरीही.

“आम्ही मुलीला फोन दिलेला नाही” असं अभिमानानं सांगणाऱ्या पालकांना मी हा निष्कर्ष सांगते. चित्र पडद्यावरून थेट मुलीच्या मनात उतरत नाही. ते मैत्रिणीच्या तोंडून येतं, मधल्या सुट्टीत, डबा उघडताना. “तू भात खातेस? मी सोडला.” एवढं वाक्य पुरतं. सहा जणींच्या गटात एकीच्या घरी फोन असला तरी सहाही जणींच्या डब्यातला भात कमी होतो.

याच संशोधनातला आणखी एक तपशील आपल्या कामाचा आहे. काही फिजियन मुली वजनासाठी उलटी काढत नव्हत्या. त्या पोट साफ करणारी पारंपरिक झाडपाल्याची औषधं घेत होत्या. घरात आधीपासून असलेली, मोठ्यांना मान्य असलेली वस्तू नव्या कामाला लावली गेली होती. पाश्चात्त्य प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नव्हता, त्यामुळे आधी ते कुणाला दिसलं नाही.

आपल्याकडे तो रकाना कुठला? मला विचाराल तर उपवास. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्रीचे नऊ दिवस. नववीतली मुलगी अचानक आठवड्यातले तीन वार धरायला लागली तर घरात कुणी हटकत नाही. उलट कौतुक होतं, पोर किती धार्मिक! श्रद्धेनं उपवास करणाऱ्या मुलींबद्दल मी हे बोलत नाही, आणि उपवासाला नावंही ठेवत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की न जेवण्याला जिथे पुण्य लाभतं, तिथे न जेवण्याचा आजार सहज लपतो. ती मुलगी साबुदाण्याची खिचडीही खात नसेल, दुसऱ्या दिवशी उपवास सोडायचं टाळत असेल, तर ते व्रत राहिलेलं नाही. आणि हे अशा देशात, जिथे २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन आधीच कमी आहे. आमच्या प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडणाऱ्या मुलींपैकी कितीजणींनी सकाळचं खाणं गरिबीमुळे सोडलेलं असतं आणि कितीजणींनी मुद्दाम, हे मला ओळखता येत नाही. दोघींचे चेहरे सारखेच पांढरे दिसतात.

रंगाचं तर आपल्याकडे टीव्हीच्याही आधीपासून चालू आहे. फिजीच्या प्रकरणात ते नव्हतं. गोरं करण्याचं आश्वासन देणारी ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली, आणि तिच्या नावातून ‘फेअर’ निघायला २०२० उजाडलं. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द डोळे मिटूनही सापडतात. त्यामुळे नांद्रोंगाच्या मुलीवर एक मोजपट्टी आली असेल, तर आपल्या मुलीवर दोन आहेत, आणि दुसरी तिच्या पणजीच्याही आधीची आहे.

आत्मविश्वास परत कुठून आणायचा

हे सगळं वाचल्यावर “तू जशी आहेस तशी सुंदर आहेस” हे वाक्य मी वर्गात म्हणायचं सोडून दिलं. सद्भावनेनं म्हटलं तरी त्यात मुलीची किंमत सुंदर असण्यावरच ठरते, फक्त निकाल तिच्या बाजूनं दिलेला असतो. आणि ती त्यावर विश्वास ठेवत नाही. बाई म्हणजे बाईच, त्या असंच म्हणणार!

उपयोगी पडलेली एक पद्धत अमेरिकेत एरिक स्टाइस आणि सहकाऱ्यांनी बसवलेली आहे, ‘बॉडी प्रोजेक्ट’ नावाची. तिच्या अनेक काटेकोर चाचण्या झाल्या आहेत आणि ती बऱ्याच देशांत वापरली जाते. तिच्यात मोठं माणूस उपदेश करत नाही. मुलींचा लहान गट बसतो आणि ‘बारीक असलं म्हणजेच चांगलं’ या कल्पनेविरुद्ध त्या मुलीच बोलतात. आपल्याहून लहान मुलीला पत्र लिहितात, की या नादाला लागलीस तर काय काय गमावशील. एकजण डाएटच्या आहारी गेलेल्या मुलीची भूमिका घेते आणि दुसरी तिला समजावते. शरीराच्या लाजेनं जे टाळलं असेल, पोहायला जाणं, बिनबाह्यांचा ड्रेस घालणं, ते एकदा करून यायचं असतं. या सगळ्यामागचा विचार साधा आहे. माणूस जे चारचौघांत स्वतःच्या तोंडानं बोलतं, त्याच्याकडे हळूहळू त्याचं मन सरकतं. आणि फिजीच्या दुसऱ्या अभ्यासाशी हे अगदी जुळतं. विष मैत्रिणीकडून आलं असेल तर उतारासुद्धा मैत्रिणीकडूनच येणार.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि आमच्या शाळेत चालतं ते त्या कार्यक्रमाचं प्रमाणित रूप नाही. त्यातल्या दोन-तीन गोष्टी आम्ही उचलल्या, एवढंच. पत्राचा प्रयोग फार चांगला चालतो. दहावीच्या मुली पाचवीतल्या मुलींना लिहितात. स्वतःबद्दल ज्या मुली एक शब्द बोलत नाहीत, त्या धाकटीला लिहायला बसल्या की दोन-दोन पानं लिहितात, आणि लिहिताना रडतात. ती पत्रं आम्ही खरोखर पाचवीच्या वर्गात वाचतो.

दुसरी गोष्ट थेट त्या १२ मुलींच्या उत्तरातून सुचली. गावातल्या आणि आसपासच्या नोकरी-धंदा करणाऱ्या बायकांना आम्ही वर्गात बोलावतो: एसटीच्या वाहक, बँकेतल्या रोखपाल, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिका, पोलीस, दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या ताई. विषय शरीराचा नसतोच. नोकरी कशी मिळाली, कुठल्या परीक्षा दिल्या, पहिल्या पगाराचं काय केलं, एवढंच बोलायचं. त्या वेगवेगळ्या मापांच्या असतात, काळ्या-गोऱ्या असतात, आणि त्यांच्या अंगाबद्दल कुणी एक शब्दही काढत नाही. मुलींना जे बघायचं असतं ते त्या बघतात. तासाच्या शेवटी प्रश्न येतात ते अर्जाच्या शेवटच्या तारखेचे.

जिथे आजार जडलेला आहे तिथे यातलं काहीच पुरत नाही, हेही इथेच सांगायला हवं. जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणं, पाळी महिनोन् महिने न येणं, चक्कर, केस गळणं, सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं टाळणं, वजन झपाट्यानं उतरणं अशी लक्षणं दिसली तर आधी डॉक्टर गाठायचे आणि बरोबर मानसोपचारतज्ज्ञही. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ नसतात ही खरी अडचण आहे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. आम्ही तो स्टाफरूममध्ये लावलाय आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही, म्हणजे वाचताना कुणी बघत नाही.

काटा

शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणी होते. वर्षानुवर्षं तिची पद्धत ठरलेली होती. वर्गात वजनकाटा ठेवायचा, हजेरीच्या क्रमानं मुली उभ्या करायच्या, एका बाईंनी काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्या बाईंनी तो वहीत उतरवायचा. वर्ग ऐकतोय. चाळीस म्हटलं की शांतता, अठ्ठावन्न म्हटलं की मागच्या बाकावर खसखस. मी स्वतः कित्येक वर्षं ते आकडे वाचलेत, चांगल्या खणखणीत आवाजात, कारण उतरवणाऱ्या बाईंना ऐकू जायला हवं होतं. त्या दिवशी गैरहजेरी वाढते हे मला हजेरीपटावर दिसत होतं. मी ते पावसावर ढकलत होते.

आता काटा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पडद्यामागे असतो. मुलगी एकटी आत येते. आकडा तिला चिठ्ठीवर लिहून मिळतो आणि बाजूला उंची आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याखाली रेघ मारलेली असते, वजनाखाली कधीच नाही. बदल सोपा होता, पडदा तर माझ्या जुन्या साडीचाच आहे. पहिल्या वर्षी मुली बाहेर आल्या आणि व्हरांड्यात घोळका करून एकमेकींच्या चिठ्ठ्या मागायला लागल्या. दुसऱ्या वर्षीही मागितल्या. यंदा आठवीतल्या एका मुलीनं आपली चिठ्ठी चार वेळा घडी घालून कंपासपेटीत टाकली, मैत्रिणीला हिमोग्लोबिनचा आकडा सांगितला, आणि दोघी मिळून घंटेआधी डबा संपवायला पळाल्या.